अण्णांची येझ्दी

आमच्या घराच्या मागच्या पडवीत बारा वर्षे एक मोटारसायकल ताडपत्रीखाली उभी होती. कोंबड्यांनी तिच्या सीटमधला फोम उकरून त्यात अंडी घातली होती. येणारा-जाणारा भंगारवाला दर पावसाळ्याआधी हाक मारायचा आणि आई म्हणायची, "देऊन टाका एकदाची." अण्णा काही बोलायचे नाहीत. शेवटी 2023 च्या दिवाळीनंतर आम्ही दोघा बहीणभावंडांनी ठरवले की गाडी विकायची नाही, दुरुस्त करायची. आमच्यातली थोरली नर्स आहे, धाकटा आय.टी.आय. इलेक्ट्रिशियन. कंत्राट संपल्यामुळे धाकटा त्या वेळी घरी बसून होता, हेही खरे कारण.

गाडी 1990 सालची येझ्दी 250. अण्णा भुसावळला रेल्वेत फिटर होते. सोसायटीचे कर्ज आणि आईच्या भिशीचे पैसे, असे मिळून ती घेतली. आमच्या गल्लीतली ती पहिली मोटारसायकल. म्हैसूरच्या कारखान्यात 1961 पासून आधी जावा आणि 1973 पासून येझ्दी या नावाने या गाड्या निघत. 1996 साली तो कारखाना बंद पडला. 2022 मध्ये याच नावाची नवी गाडी बाजारात आली, पण तिचे इंजिन फोर-स्ट्रोक आहे, आमच्या कामाचे नाही.

ज्यांनी ही गाडी पाहिली नाही त्यांच्यासाठी थोडे सांगतो. इंजिनाला सिलिंडर एकच, पण सायलेन्सर दोन. किक आणि गिअरचा दांडा एकच. डाव्या पायाजवळचा गिअरचा दांडा आत दाबून मागे वर फिरवला की तीच किक. गाडी चालू झाली की तो परत खाली आणून गिअर टाकायचा. आमचे मित्र पहिल्यांदा गाडी मागायचे तेव्हा किक शोधत दोन्ही बाजूंनी फिरायचे आणि अण्णा ओट्यावर बसून हसायचे. टू-स्ट्रोक असल्याने पेट्रोलमध्येच ऑइल मिसळावे लागते. अण्णांचा हिशेब लिटरला चाळीस मिली. त्याचे माप म्हणजे आमच्या लहानपणच्या खोकल्याच्या औषधाची बाटली. ती अजून घरात आहे.

धाकट्याच्या डोक्यात वेगळेच होते. मोबाईलवर व्हिडिओ पाहून त्याने कागदावर चित्र काढले होते. मागचा मडगार्ड कापायचा, लांब सीट काढून एकट्यापुरती छोटी सीट बसवायची, हँडल खाली आणायचे. चित्र देखणे होते. अण्णांनी चष्मा लावून ते नीट पाहिले आणि विचारले, "मग तुझी आई कुठं बसणार?" धाकट्याकडे उत्तर नव्हते. शिवाय चौकशी केली तेव्हा कळले की 1988 च्या मोटार वाहन कायद्याच्या 52 व्या कलमाप्रमाणे आर.सी. बुकात लिहिलेल्या बाबींत परस्पर बदल करता येत नाही. चासीला आरी लावली तर पासिंग मिळणार नाही. आमच्या गाडीची पंधरा वर्षे 2005 मध्येच भरली होती. त्यानंतर पाच वर्षांसाठी केलेले नूतनीकरणही 2010 ला संपले होते. घरी जुनी गाडी असलेल्या वाचकांना आमचे सांगणे एवढेच की आधी कागद बघा, मग पाना हातात घ्या. आम्ही उलटे केले आणि पैसे भरताना हळहळलो.

म्हणून ठरले की चासीला हात लावायचा नाही. बदल करायचे ते घरच्या माणसांच्या सोयीचे. अण्णांचे गुडघे गेलेले, तेव्हा सीटचा फोम दोन इंच कापून ती खाली घ्यायची, म्हणजे दोन्ही पाय जमिनीला टेकतील. आई एका बाजूला पाय टाकून बसते, तिच्यासाठी रुंद पायदान आणि साडीची जाळी. सहा व्होल्टचा दिवा संध्याकाळी कंदिलासारखा पिवळा पडायचा आणि गाडी हळू झाली की आणखी मंद व्हायचा. धाकट्याने डायनामो तोच ठेवून बारा व्होल्टचा इलेक्ट्रॉनिक रेग्युलेटर, बारा व्होल्टची कॉइल आणि बॅटरी बसवली, पुढे एल.ई.डी. दिवा लावला. सगळे वायरिंग त्याने नवीन ओढले. प्रत्येक वायरीला चिंधीची खूण बांधून तो पंधरा दिवस पडवीत बसला होता. त्या पंधरा दिवसांत नोकरीचे कोणी विचारले तर तो चिडला नाही, हे आईने टिपून ठेवले.

इंजिन जाम होते. प्लगच्या भोकातून डिझेल ओतून आठवडाभर ठेवले, मग चौथ्या गिअरमध्ये टाकून मागचे चाक पुढे-मागे हलवत राहिलो. नवव्या दिवशी पिस्टन सुटला. रिबोअर करावे लागले. सुटे भाग इथे मिळेनात, म्हणून अण्णा आणि धाकटा रात्रीच्या गाडीने कुर्ल्याला गेले आणि दिवसभर सी.एस.टी. रोडच्या जुन्या मालाच्या बाजारात फिरले. एका दुकानदाराने क्रँकची बेअरिंग पुढे केली. अण्णांनी ती कानाजवळ धरून बोटाने फिरवली आणि परत ठेवली. दुकानदार म्हणाला, "काका, ओरिजिनल आहे." अण्णा म्हणाले, "डबी ओरिजिनल आहे." माणूस हसला आणि आतून दुसरी घेऊन आला. ओव्हरसाईज पिस्टन, क्लचच्या बुचाच्या प्लेटा, केबल, प्लॅटिनम पॉइंट, सगळे एका पिशवीत घेऊन दोघे परतले. ही गोष्ट धाकट्याने निदान वीस जणांना सांगितली असेल.

सायलेन्सरमधला कोळसा भट्टीत जाळला, रिमांना पॉलिश केले, टायर-ट्यूब नवे घेतले. त्याबद्दल लिहिण्यासारखे काही नाही. लिहायचे आहे ते टाकीबद्दल.

टाकीच्या डाव्या अंगाला, वरच्या बाजूस, मुठीएवढा खड्डा होता. आम्हाला कळायला लागल्यापासून तो तिथे होता. रेल्वे फाटकाजवळ गाडी पडली होती, असे आम्हाला सांगण्यात आले होते. टाकी आतून गंजली होती. मूठभर जुने नट आणि डिझेल टाकून ती आम्ही तासन् तास हलवली, धुतली आणि पाणी भरून उन्हात ठेवली. सकाळी पाहिले तर खड्ड्याच्या दुमडीतून पाणी झिरपत होते. तिथे सुईच्या टोकाएवढे भोक पडले होते. म्हणजे भट्टी लावून पितळेने ते बुजवणे भागच होते. (पेट्रोलच्या टाकीला आग दाखवण्याआधी ती पाण्याने पुन्हा पुन्हा धुऊन, उघडी ठेवून आतली वाफ पूर्ण घालवावी लागते. रिकामी टाकी भरलेल्या टाकीपेक्षा धोक्याची. हे काम घरी करू नये.) डेंटिंगवाल्याने विचारले, "काका, खड्डा ओढून काढतोच आता सोबत?" अण्णा म्हणाले, "भोक बुजव. खड्डा राहू दे."

रात्री जेवताना धाकट्याने सहज विषय काढला. आई भाकरी थापत होती. माहेर मलकापूरकडचे, तिची बोली अजून तीच. ती म्हणाली, "काहून ठेवायचा तो खड्डा?" अण्णा ताटाकडे बघत राहिले. मग आईनेच सांगितले.

1992 सालची गोष्ट. धाकट्या आत्याचे लग्न गावी होते. गावाचे नाव लिहीत नाही, आत्या अजून तिथेच नांदते. अण्णा नव्या येझ्दीवर निघाले. मागे आई, पुढे टाकीवर तीन वर्षांची थोरली. आपल्या वस्तीकडे जायचा रस्ता गावातून, पारावरून जातो. पारावर बसलेल्या पोरांनी गाडी अडवली. उतरा आणि ढकलत न्या, गावातून बसून जायचे नाही, असे म्हणाले. अण्णा उतरले नाहीत. गिअर टाकला आणि निघाले. मागून दगड आला तो टाकीवर लागला. तक्रार केली नाही, कारण आत्याला त्याच गावात दिवस काढायचे होते.

आम्ही दोघेही गप्प झालो. धाकट्याचा चेहरा तर अभिमानाने फुलला होता. तो म्हणाला, "मग तर तो खड्डा ठेवायलाच पाहिजे!"

"मी उतरलो नाही त्याची निशाणी आहे ती," अण्णा म्हणाले.

आईने तवा खाली उतरवला. "तुम्ही उतरला नाहीत हे मला ठाऊक आहे. मी मागं बसले होते. मला निशाणी कशाला लागते? पोरीच्या मांडीपासून चार बोटांवर लागला तो दगड. तुम्ही नका उतरू, पण पोरीला तर माझ्याकडे द्यायचं होतं. बत्तीस वर्षं झाली, मला त्या खड्ड्यात दुसरं काही दिसत नाही."

अण्णा काही बोलले नाहीत. दोन दिवस घरात कामापुरतेच बोलणे झाले. टाकी डेंटिंगवाल्याकडे पडून होती आणि तो फोन करत होता. आमच्यातही एकमत नव्हते. धाकट्याला वाटे, वडिलांच्या हिमतीचा एवढा एकच पुरावा आपल्या घरात आहे, तो बुजवायचा कसा? थोरलीला त्यातले काहीच आठवत नाही, ना दगड ना पार. आठवते ते फक्त तापलेल्या टाकीवर बसल्याने मांड्या भाजायच्या ते. तिसऱ्या दिवशी अण्णांनी तिलाच विचारले, "त्या जागी तू बसली होतीस. तू सांग."

थोरली म्हणाली, "काढा." कारण तिने सांगितले नाही. तिची स्वतःची मुलगी चार वर्षांची आहे आणि रोज संध्याकाळी टाकी नसलेल्या त्या सांगाड्यावर चढून बसत होती. धाकटा त्यावर दोन दिवस रुसला. अण्णांनी हो-नाही काही न म्हणता डेंटिंगवाल्याला फोन लावला.

टाकी बंद असते, आतून ठोकता येत नाही. त्याने बाहेरून सळई चिकटवून पत्रा ओढला, जमेल तेवढा वर आणला आणि उरलेल्या खळग्यात पुट्टी भरली. घासायचे काम अण्णांनी स्वतःकडे घेतले. वॉटर पेपर पाण्यात बुडवून तीन दिवस ते ओट्यावर टाकी मांडीवर घेऊन बसले होते. डोळे मिटून बोटे फिरवायचे, पुन्हा घासायचे. रंगाबद्दल वाद झाला नाही. निळा सर्वांच्याच मनात आला होता, खोटे कशाला बोला. पण आर.सी. बुकात मरून लिहिलेला, बदलला तर तशी नोंद करून घ्या, पुन्हा चकरा मारा. म्हणून मरूनच दिला. आता ती जागा उन्हात तिरक्या नजरेने पाहिली तरच कळते.

मे महिन्यात, भुसावळात पारा 45 च्या आसपास असताना, गाडी पहिल्यांदा चालू झाली. धाकट्याने पंचवीस किका मारल्या. अण्णांनी त्याला बाजूला केले, पॉइंटमध्ये पोस्टकार्डाचा तुकडा घालून अंतर बघितले, स्क्रू किंचित फिरवला आणि म्हणाले, "आता मार." दुसऱ्या किकेला दोन्ही सायलेन्सरमधून पांढरा धूर निघाला आणि गल्लीतली सगळी पोरे धावत आली. पुढे जळगावला तपासणी झाली, कर आणि दंड भरला, विमा उतरवला, पाच वर्षांचे पासिंग मिळाले. सारा खर्च धरून एकतीस हजारांवर गेला. धाकट्याला पुढच्या महिन्यात वायरिंगची कामे मिळू लागली. ती गाडीमुळे की आपोआप, यावर घरात दोन मते आहेत.

डिसेंबरात अण्णा आणि आई येझ्दीवर आत्याकडे गेले. आम्ही स्प्लेंडरवर मागे होतो. पारावर चार-पाच जण बसले होते. त्यातल्या एकाने हात केला तेव्हा आईने अण्णांचा खांदा धरलेला आम्ही पाहिला. अण्णांनी गाडी थांबवली. तो माणूस, अण्णांच्याच वयाचा, जवळ आला, गाडीभोवती फिरला आणि विचारले, "किती सालची? ॲव्हरेज किती देते?" अण्णांनी साल सांगितले, ॲव्हरेज सांगितले. पोरे मोबाईलवर फोटो काढू लागली. एकाने चहाला थांबा म्हणून आग्रह केला.

अण्णा गाडीवरून उतरले नाहीत. इंजिन तापल्यावर बंद केले तर लवकर चालू होत नाही, कंडेन्सर बदलायचा आहे, असे कारण त्यांनी नंतर आम्हाला सांगितले. कंडेन्सर अजून मिळालेला नाही. कुर्ल्याला पुन्हा जावे लागेल.