मात्रा

मराठीत ‘मात्रा’ हा शब्द अनेक घरी नांदतो. बाराखडीत तो अक्षराच्या डोक्यावर बसतो, छंदःशास्त्रात लघुगुरूंचा हिशेब ठेवतो, आणि जुन्या घरात तान्ह्या मुलासाठी सहाणेवर उगाळला जातो. एखाद्यापुढे उपाय हरले की त्याच्यावर मात्रा चालत नाही, असे आपण म्हणतो. या सर्व अर्थांच्या मुळाशी माप आहे. पुढील हकीकत त्या मापाचीच आहे, आणि ती घडली बंगळूरच्या उत्तरेस, हेसरघट्ट्याच्या माळरानाजवळ.

तेथे एका मराठी कुटुंबाची अर्ध्या एकराची जागा आहे. घरातले आजोबा तरुणपणी सोलापूरकडून नोकरीसाठी बंगळुरास आले आणि घड्याळांच्या सरकारी कारखान्यात लागले. हिंदुस्तान मशीन टूल्सने १९६१ साली जपानच्या सिटिझन कंपनीच्या साहाय्याने बंगळुरात घड्याळे तयार करण्यास आरंभ केला होता. एका पिढीच्या मनगटावर तीच घड्याळे होती. आजोबांचे काम तपासनिसाचे. चक्राचा दाता, आसाची जाडी, मिलिमीटरचा हजारावा भाग, यांत त्यांची चौतीस वर्षे गेली. निवृत्तीनंतरही ते चहात साखर घालताना चमचा पातेल्याच्या काठाशी सपाट करून घेत, आणि आजी त्यावरून त्यांची थट्टा करीत.

संगणकाच्या व्यवसायातील मुलाने आपल्या लेकीसाठी या जागेत एक घोडी आणून बांधली. ही लहान चणीची विदेशी रक्ताची जात. पूर्ण वाढ झालेले जनावर माणसाच्या कमरेपेक्षा फारसे उंच होत नाही. आपल्याकडील भीमथडीच्या तट्टांशी तिचे नाते नाही. भीमथडीची तट्टे ओझ्याची आणि मोहिमेची. १६३८ नंतर बंगळूरची जहागीर शहाजीराजांकडे आली, तेव्हा दक्षिणेत उतरलेल्या मराठी फौजांची भिस्त तसल्याच काटक घोड्यांवर होती. ही घोडी केवळ हौसेची. फेब्रुवारीत ती व्याली. शिंगरू इतके लहान होते की नऊ वर्षांची नात त्याला दोन्ही हातांनी कवेत घेई. मोतद्दार कोलारकडचा, अबोल, खराऱ्याचे हात जपून चालवणारा.

पाच महिन्यांच्या शिंगराचे पोट जंतांनी सुटले, त्याच्या अंगावरचे केस राठ झाले. आजींनी वावडिंगाची आठवण काढली. त्यांच्या माहेरी दुधात वावडिंग उकळून मुलांना देत, आणि वासरांनाही. पशुवैद्यांनी मात्र आयव्हरमेक्टिनचा लेप सांगितला. या औषधाचा इतिहास थोर आहे. जपानमधील मातीतून सातोशी ओमुरा यांनी वेगळ्या केलेल्या एका सूक्ष्मजीवापासून ते निघाले. विल्यम कॅम्पबेल यांनी त्याचा गुण ओळखला. १९८१ साली ते जनावरांसाठी बाजारात आले, आणि पुढे आफ्रिकेत नदीकाठच्या अंधत्वाच्या रोगावर माणसांच्याही कामी पडले. २०१५ साली या दोघांना नोबेल पारितोषिकाचा वाटा मिळाला. करोनाच्या साथीत आपल्याकडे याच औषधाच्या बारा मिलिग्रॅमच्या गोळ्या घरोघरी येऊन पडल्या होत्या. त्यांचा त्या रोगावर गुण सिद्ध झाला नाही, ही गोष्ट वेगळी.

घोड्यासाठी हे औषध पिचकारीत भरून येते. तिच्या दट्ट्यावर किलोंचे आकडे असतात आणि एक फिरती कडी असते. जनावराच्या वजनाच्या आकड्यावर कडी आणायची, फिरवून घट्ट करायची, म्हणजे दट्ट्या तेथे अडतो. संपूर्ण पिचकारी सहाशे किलोंच्या घोड्यासाठी असते. शिंगराचे वजन अंदाजे पंचेचाळीस किलो. आजोबांनी चष्मा पुसून कडी पन्नासावर आणली. मोतद्दार गावी गेला होता, म्हणून मान धरायला नात उभी राहिली. पिचकारी ओठाच्या कडेने आत गेली, शिंगराने मान उसळली, नातीच्या हातून दोर निसटला, आणि दट्ट्या शेवटपर्यंत गेला. कडी जागेवर आणली होती. ती फिरवून घट्ट करायचे राहिले होते.

इथपर्यंतचा प्रकार कोणाच्याही हातून होण्यासारखा आहे. पुढचा तसा नाही.

आजोबांनी पशुवैद्यांना दूरध्वनी केला. औषध किती गेले, असे त्यांनी विचारले. आजोबा कन्नडमध्ये म्हणाले, “स्वल्प जास्ती.” थोडेसे जास्त. मराठीत ‘स्वल्प’ हा शब्द आता ग्रंथांपुरता उरला आहे. बंगळुरात मात्र तो रस्त्यावर आहे, भाजीवाल्याच्या आणि बसवाहकाच्या तोंडी आहे. ‘स्वल्प अॅडजस्ट माडि’ हे तर त्या शहराचे ब्रीदच मानतात: थोडे सरकून घ्या, थोडे चालवून घ्या. तीन माणसांच्या बाकावर चौथा त्याच शब्दाच्या बळावर बसतो. शहर सुसह्य करणारा हा गोड शब्द आहे. हजाराव्या भागाचा हिशेब ठेवणाऱ्या माणसाने आयुष्यात बहुधा प्रथमच त्याचा आश्रय घेतला.

पशुवैद्यांनी त्या शब्दाचा सरळ अर्थ घेतला. हे औषध घोड्याला चांगले सोसते, दुपटीनेही सहसा बिघडत नाही, लक्ष ठेवा, असे त्यांनी सांगितले. ते खरेच होते. आजोबांनी रिकामी पिचकारी गवताच्या पेंढीमागे ठेवली. नात म्हणाली, “आजोबा, मी नीट धरलं नाही ना, म्हणून झालं?” त्यावर ते काही बोलले नाहीत. तो नकार नव्हता, आणि मुलांना हे बरोबर कळते.

तीन तास असे गेले. दुपारी गवत काढायला गेलेल्या आजींच्या हाती पिचकारी लागली. त्या ओसरीवर येऊन उभ्या राहिल्या.

“अहो, हे सगळं गेलं?”

“थोडंसं जास्त गेलं.”

“थोडंसं म्हणजे किती?”

या प्रश्नाला उत्तर द्यायचे तर कागद घ्यावा लागतो. आजोबांनी एका जुन्या पाकिटाच्या पाठीवर हिशेब मांडला. दर किलोला २०० मायक्रोग्रॅम, म्हणजे शिंगराचा वाटा ९ मिलिग्रॅम. साथीच्या काळातल्या एका गोळीहूनही कमी. पिचकारीत सुमारे १२० मिलिग्रॅम. भागाकार तेरापट निघाला. त्यांनी तो पुन्हा केला. मग त्यांनीच पशुवैद्यांना पुन्हा दूरध्वनी केला, आणि या वेळी भाषा आकड्यांची होती.

हेब्बाळच्या पशुवैद्यक महाविद्यालयात शिकलेले ते डॉक्टर तासाभरात आले. ते रागावले नाहीत. त्यांनी फक्त सांगितले, की सकाळीच कोळशाची भुकटी पोटात गेली असती तर अधिक बरे झाले असते. औषध जंतांच्या मज्जातंतूंना आणि स्नायूंना लुळे करते. मोठ्या जनावराचा मेंदू त्यापासून सुरक्षित असतो, कारण रक्त आणि मेंदू यांच्यामध्ये एक कुंपण असते. औषध अतोनात झाले की ते कुंपण ओलांडते, आणि कोवळ्या जीवात तर कुंपणाचा भरवसा कमीच. याला उतारा म्हणून वेगळे औषध नाही. नाकातून नळी घालून त्यांनी कोळसा दिला, आणि तो पुन्हा पुन्हा द्यावा लागेल असे बजावले. कारण यकृतातून पित्ताबरोबर हे औषध परत आतड्यात उतरते आणि पुन्हा शोषले जाते. जंत एकदम मरून त्यांचा गोळा आतड्यात अडकू नये म्हणून पॅराफिनचे तेल दिले. सलाइन लावले. जाड गवताचे अंथरूण, अंधार आणि शांतता; बाकी वाट पाहणे.

घोड्याच्या वैद्याला पूर्वी सालोत्री म्हणत. शालिहोत्र ऋषींच्या नावावर चालत आलेल्या अश्वशास्त्रावरून तो शब्द घडला. इतके जुने शास्त्र, आणि त्या रात्री गोठ्यात करण्यासारखे एवढेच होते.

दिवेलागणीला शिंगराचा खालचा ओठ लोंबू लागला. रात्री बाहुल्या इतक्या पसरल्या की कंदिलाच्या उजेडात डोळा नुसता काळा दिसे. ते उभे राही, चार पावले मद्यप्यासारखी टाकी आणि भिंतीला कपाळ टेकून थांबे. घोडी पलीकडून हाक देई. त्याचे कान वळत, पण तोंड भलतीकडे जाई. परतलेला मोतद्दार त्याचे डोके मांडीवर घेऊन बसला होता. “मद्दु,” एवढेच तो म्हणाला. कन्नडमध्ये मद्दु म्हणजे औषध. बंदुकीची दारूही मद्दुच, आणि अन्नातून चोरून घालतात असे लोक मानतात ते ‘कैमद्दु’ही त्यातलेच. त्याला यांतले काय म्हणायचे होते, कोण जाणे. कदाचित केवळ वस्तूचे नाव घ्यायचे असेल.

त्याच रात्री आजोबांनी नातीला झोपेतून उठवले. आजी नको म्हणत होत्या, सकाळी सांगा म्हणत होत्या. त्यांनी पिचकारी आणली, कडी फिरवून दाखवली, न फिरवता दाखवली. “ही मी फिरवली नव्हती. तू नीट धरलं असतंस तरी हेच झालं असतं. आणि डॉक्टरांना मी खोटं सांगितलं.” शेवटचे वाक्य नातीला पुरते समजले नसावे. तिने विचारले, “ते मरेल?” आजोबा म्हणाले, “माहीत नाही.” त्या दिवसातले हे त्यांचे सर्वांत नेमके उत्तर होते.

दुसरा दिवस आणि तिसरा दिवस आंधळे गेले. शिंगरू आचळ शोधू शकत नव्हते. मोतद्दार त्याचे तोंड धरून घोडीच्या कासेला लावी. आजोबा वहीत वेळ टिपत: पाणी, लघवी, उभे राहणे, पडणे. कारखान्यातली सवय, म्हणावे तर. पण त्या नोंदींचा डॉक्टरांना उपयोग झाला. शेणात जंत पडले, पुष्कळ आणि सुटे सुटे, म्हणजे आतड्यातला धोका टळला. चौथ्या दिवशी सकाळी नातीने त्याच्या डोळ्यांपुढे, वारा लागणार नाही इतक्या दुरून, तळवा हलवला. पापणी मिटली. तिने दुसऱ्या डोळ्यापुढे हलवला. तीही मिटली.

दोन महिन्यांनी डॉक्टर पुन्हा आले. शेणाची तपासणी झाली होती; पुढच्या डोसाची वेळ होती. त्यांनी सवयीने शिंगराकडे नजर टाकून म्हटले, साठेक किलो धरू या. आजोबांनी खिशातून चिठ्ठी काढली. आदल्या दिवशी ते आणि मोतद्दार शिंगराला गावातल्या पेंडीच्या दुकानात घेऊन गेले होते. पोती तोलायच्या काट्यावर ते सरळ उभे राहीना, म्हणून मोतद्दाराने त्याला उचलून घेतले. मग त्याचे स्वतःचे वजन वेगळे केले आणि वजा केले. दुकानदाराने पैसे घेतले नाहीत, पण गंमत पाहायला माणसे जमली होती. चिठ्ठीवर लिहिले होते: ५७ किलो ३०० ग्रॅम, दोनदा तोलले.

पिचकारी मोतद्दाराच्या हाती होती. आजोबांनी मान धरली.