बोलणारा आणि जागणारा

माझ्या पुतण्याला माझ्याशीं कांहीं महत्त्वाचें बोलावयाचें असलें म्हणजे तो आधीं भलत्याच विषयाला हात घालतो. गेल्या महिन्यांत एका रविवारीं तो सकाळींच आला आणि म्हणाला, "काका, तुम्हांला एक जपानी मालिका दाखवायची आहे. चित्रांची आहे, पण लहान मुलांची नव्हे हं!" वहिनींनीं दिलेला लाडवांचा डबा माझ्यापुढें ठेवून तो आपला संगणक उघडून बसला देखील. डबा आणि मालिका या दोहोंपैकीं पहिल्याचा मोह मला अधिक होता, हें कबूल केलें पाहिजे. पण पहिला भाग संपला तेव्हां लाडू माझ्या हातांत तसाच राहिला होता.

मालिकेचें नांव 'ट्रिलियन गेम'. रीइचिरो इनागाकी यांनीं लिहिलेली आणि र्‍योइची इकेगामी यांनीं चितारलेली ही चित्रकथा डिसेंबर २०२० पासून जपानांतील एका पाक्षिकांत येऊं लागली. आणि ऑक्टोबर २०२४ पासून मॅडहाउस या संस्थेनें तिचे २६ भाग हलत्या चित्रांत आणले. इकेगामींचा जन्म १९४४ सालचा. पंचाहत्तरी उलटलेल्या हातानें ऐन विशींतल्या पोरांची मस्ती इतक्या ताज्या रेषेंत उतरवावी, याचा मला प्रथम हेवाच वाटला.

कथा अशी : हारु आणि गाकु हे शाळेंतले सोबती. हारु उंच, देखणा, बोलूं लागला कीं समोरच्याला भुरळ घालणारा. गाकु बुजरा, मुलाखतींत त्याच्या तोंडून शब्द फुटत नाहीं, पण संगणकापुढें बसला कीं दुसराच माणूस. एका बड्या बँकेनें गाकुला नाकारलें आणि हारुला घेतलें. हारुनें ती नोकरी लाथाडली, आणि दोघांनीं मिळून एक ट्रिलियन डॉलर मिळवावयाचे असा बेत गाकुपुढें मांडला. एक ट्रिलियन म्हणजे एक लाख कोटी! भांडवल शून्य, माल शून्य, धंदा कसला करावयाचा हेंही ठरलेलें नाहीं. मग संगणकसुरक्षेची स्पर्धा, मग फुलांचें दुकान, मग आणखी मोठे बेत. प्रत्येक वेळीं रीत मात्र एकच. जगांत अद्याप अस्तित्वांतच नाहीं असें कांहींतरी हारु छातीठोकपणें कबूल करून येतो. आणि तें अस्तित्वांत आणण्याचा भार येऊन पडतो बिचाऱ्या गाकुवर.

माझ्या कपाळाला आठ्या पडल्या. मी म्हणालों, "अरे, असल्या माणसाला आपल्याकडे थापाड्या म्हणतात."

पुतण्या हसला. "काका, थाप आणि लबाडी एकच का?"

प्रश्न पोराचा होता. पण त्याचें उत्तर मला दुसऱ्या एका जपानी माणसाकडून सुचलें. इहारा साइकाकु हा ओसाका या व्यापाऱ्यांच्या नगरींतला लेखक. १६८८ सालीं त्यानें 'निप्पोन एइताइगुरा' हा कथासंग्रह प्रसिद्ध केला. त्यांतले नायक पैसा मिळवणारे आणि घालवणारे वाणी-उदमी आहेत. त्यांतली एक गोष्ट इंग्रजी भाषांतरांत वाचल्यापासून मी विसरलेलों नाहीं. त्सुरुगा बंदरांत रिसुके नांवाचा एक मनुष्य पहाटे बाजारांत चहा विकत असे. त्यानें एक युक्ति काढली. एबिसु हा तिकडचा भरभराटीचा देव. त्याचा वेष करून तो 'एबिसूचा पहाटेचा चहा' म्हणून आपला चहा विकूं लागला. शुभशकुन म्हणून व्यापारी हात सैल सोडून पैसे टाकीत. रिसुके श्रीमंत झाला, त्यानें मोठें दुकान थाटलें, नोकर ठेवले. आणि मग लोभ सुटला. रंगाच्या कामाला हवा असें सांगून त्यानें लोकांच्या वापरलेल्या चहाचा चोथा गोळा करविला आणि तो चांगल्या चहांत मिसळून विकला. पुढें त्याला वेड लागलें. आपलें पाप आपल्याच तोंडानें सांगत तो फिरला, आणि अखेर त्या वेडांतच त्याचा अंत झाला.

वेष आणि चोथा! मला वाटतें, सारा फरक या दोन शब्दांत आहे. देवाच्या वेषामुळें कोणाचा चहा पातळ झाला नाहीं. गिऱ्हाइकाला चहा मिळाला आणि वर गंमत मिळाली. चोथा मात्र थेट पेल्यांत उतरला. हारुची बढाई जोंवर गाकुच्या जाग्रणानें भरून निघते तोंवर ती वेषच आहे. ज्या रात्रीं गाकु निजेल, त्या रात्रीं तिचा चोथा होईल.

हें सारें मीं मोठ्या ऐटीनें पुतण्याला सांगितलें. आणि सांगतां सांगतांच माझा आवाज खालीं आला. कारण निजलेला गाकु माझ्या चांगल्या ओळखीचा आहे.

१९८३ सालची गोष्ट. विजेचा दाब कमीजास्त होऊन लोकांचे टीव्हीसंच बिघडत, म्हणून घरोघर स्टॅबिलायझर लागे. माझा हात सोल्डरिंगवर बरा चालत असे, आणि माझा एक मित्र होता बोलणारा. त्यानें आमच्या पेठेंत हिंडून बारा घरांतून आगाऊ पैसे आणले. तोंवर आम्हीं एकही स्टॅबिलायझर केलेला नव्हता! पहिला मीं केला, तो तापला. दुसरा केला, तो गुणगुणूं लागला. तिसरा टेबलावर उघडा पडलेला असतांनाच एका सरकारी कचेरींतून मला नेमणुकीचें पत्र आलें. मीं काम खालीं ठेवलें तें कायमचेंच. वर मित्राला तोंडावर सांगितलें, "तूं लोकांना फसवतोस, मला त्यांत राहावयाचें नाहीं." बोलण्यांत इतका तरबेज माणूस, पण त्या दिवशीं त्याला शब्द सुचला नाहीं. बाराही घरांचे पैसे त्यानें शिकवण्या करून दीड वर्षांत फेडले.

चाळीस वर्षें मी ही हकीकत माझ्या सचोटीचा दाखला म्हणून सांगत आलों. त्या रविवारीं प्रथमच ती मला उलट बाजूनें दिसली. मित्राचा शब्द अपुरा होता, आणि तो पुरा करण्याचें काम माझें होतें. मी उठून गेलों म्हणूनच तो खोटा पडला.

पुतण्या बराच वेळ गप्प बसला होता. मग त्यानें खरा विषय काढला. त्याचाही एक मित्र आहे, बोलका. दोघांना मिळून धंदा करावयाचा आहे. त्यासाठीं हातची नोकरी सोडावयाची आहे. दादा ऐकून घेत नाहींत. मीं त्यांच्याकडे रदबदली करावी आणि जमल्यास तीन लाख रुपये द्यावे! धंदा कसला तेंही त्यानें समजावून सांगितलें. मला त्यांतलें निम्मेंच कळलें. मीं एवढेंच विचारलें, "तुझा मित्र गिऱ्हाइकाला शब्द देऊन आला आणि रात्र उरली एकच, तर जागणार कोण?"

"मी."

"आणि जागूनही शब्द पुरा होण्यासारखा नसला, तर?"

तो घुटमळला. "तर सकाळीं गिऱ्हाइकाकडे मी स्वतः जाईन आणि तसें सांगेन."

दारावर आलेल्या भाजीवाल्याशींही ज्याला धड बोलतां येत नाहीं, त्या पोरानें हें सांगावें!

दादांशीं बोलण्याचें मीं कबूल केलें आहे. त्यांच्यापुढें अजूनही माझी जीभ अडखळते. पण शब्द दिला तो दिला. रुपयांचीही तजवीज होईल. मात्र त्याच संध्याकाळीं मीं आणखी एक काम केलें. चार ठिकाणीं चौकशी करून माझ्या त्या जुन्या मित्राचा फोन नंबर मिळवला. फोन त्यानेंच उचलला. मीं नांव सांगितलें. क्षणभर कांहीं ऐकूं आलें नाहीं, मग तोच जुना, हसरा आवाज आला, "काय रे, तिसरा स्टॅबिलायझर झाला का तयार?"

या वेळीं शब्द न सुचण्याची पाळी माझी होती.