रिकामी द्या, भरलेली घ्या

पॅकेजिंग डिझाइन हा माझा व्यवसाय. दुकानातल्या फळीकडे गिऱ्हाइकाचा हात कसा वळेल, याचा विचार करण्याचे मला पैसे मिळतात. माल संपल्यावर रिकामं वेष्टन घेऊन तोच हात कुठे जाईल, हे मात्र कंपनीच्या बैठकीत सहसा कुणी विचारत नाही.

वापरलेली वस्तू लोकांच्या हातून परत मिळवण्याची ही दुसरी विद्या ज्यांना खरी अवगत आहे त्या जुन्या कपड्यांवर भांडी देणाऱ्या आपल्या बोहारणी. त्यांचा व्यवहार एकदा नीट बघा. बोहारीण दारात बसते, पाटीतली भांडी मांडते आणि घासाघीस रंगात यायच्या आत स्टीलचं पातेलं तुमच्या हातात ठेवते. तुम्ही ते उलटंसुलटं करता, बुडावर टिचकी मारता. मनातल्या मनात त्यात आमटी उकळायला लागलेली असते. मग ती म्हणते, "ताई, एवढ्यात नाही परवडत, अजून एक पँट काढा." पातेलं परत पाटीत ठेवणं जिवावर येतं आणि आपण कपाट उघडतो. मिळण्याच्या आनंदापेक्षा हातचं जाण्याचा चटका मोठा, हे डॅनियल कानेमन आणि अमॉस ट्वर्स्की यांनी १९७९ साली शास्त्रीय भाषेत मांडलं. बोहारणीला त्याची गरज नव्हती. शिवाय ती स्वतः दारात येते, हा तिचा दुसरा हुकमी एक्का.

आता सरकारी उपाय बघा. महाराष्ट्र सरकारच्या मार्च २०१८च्या प्लास्टिकबंदीच्या अधिसूचनेत दुधाच्या पिशवीवर किमान ५० पैसे पुनर्खरेदी किंमत छापण्याची तरतूद होती. आठ आणे! त्यासाठी पिशवी धुवायची, वाळवायची, साठवायची आणि दुकानात न्यायची. आठ आण्यांचं नाणं तर सुट्या पैशांतही कुणी घेत नाही. आमच्या भागात पिशवी देऊन पैसे घेणारा माणूस मला अजून भेटलेला नाही, आणि त्यात लोकांचा आळस मला फारसा दिसत नाही.

निलगिरीत वेगळं घडलं. जंगलात पडलेल्या फुटक्या बाटल्यांच्या काचा हत्तींच्या पायांत घुसत. मद्रास उच्च न्यायालयाने विषय लावून धरल्यावर २०२२पासून तिथल्या सरकारी दारूदुकानांत बाटलीमागे १० रुपये जास्त घेऊ लागले. रिकामी बाटली आणून दिली की ते परत. पिणाऱ्याला पर्यावरणावर व्याख्यान द्यावं लागलं नाही. त्याचे दहा रुपये अडकलेले असतात, तेवढं पुरतं.

अर्थात वस्तू परत येऊन भागत नाही, ती पुढे चालायला हवी. पेट या प्लास्टिकच्या बाटल्यांचा चुरा पाण्याच्या हौदात टाकतात. पेट बुडतं, झाकणाचं प्लास्टिक तरंगतं. दोन्ही वेगळं करायला नुसतं पाणी पुरतं. पण देखणेपणासाठी बाटलीला गळ्यापासून बुडापर्यंत पीव्हीसीची छापील स्लीव्ह चढवली, की तिचे तुकडेही पेटबरोबर तळाला जातात आणि थोडीशी पीव्हीसीसुद्धा वितळवलेला माल खराब करते. म्हणून मी तरंगणाऱ्या प्लास्टिकचं लेबल सुचवतो. मार्केटिंगवाले नाक मुरडतात. त्यांना बाटली फळीवर दिसते, मला हौदात.

दुधाच्या पिशवीचंही तसंच. आपण कात्रीने कोपरा कापतो आणि तो टीचभर तिकोनी तुकडा मोरीतून थेट गटारात जातो. कापायची खूण काठापर्यंत न नेता अलीकडेच थांबवली, तर तुकडा पिशवीलाच लोंबत राहील. छपाईच्या साच्यात एवढा बदल करायला खर्च नगण्य येतो.

मुंबईत आरेच्या काचेच्या बाटल्यांच्या काळात दूधकेंद्रावर रिकामी बाटली दिली की भरलेली मिळे, आणि त्यात कुणाला काही विशेष वाटत नसे. आज तर दूध बहुतेक घरी दारातच येतं. मग आठ आण्यांचा देखावा पुरे. पिशवीमागे पाच रुपये अनामत घ्या आणि सकाळी दूध टाकणाऱ्या पोऱ्यानेच रिकाम्या पिशव्या मोजून ती हिशेबात वळती करावी. त्या पोऱ्याला मात्र पिशवीमागे वेगळं कमिशन द्या. त्याच्या फुकटच्या श्रमांवर ही योजना आठवडाभरही टिकणार नाही.