डोंगरातलं सीताफळ

दसरा जवळ आला की दौलताबादच्या किल्ल्याकडे जाणाऱ्या रस्त्याला सीताफळांच्या पाट्या लागतात. त्यातली सगळीच फळं बागेतली नसतात. किल्ल्याभोवतीच्या डोंगरांत हे झाड आपसूक उगवतं. त्याला कुणी लावत नाही, कुणी पाणी घालत नाही.

*

मूळ अमेरिकेतलं हे झाड. मुरमाड उतारावर टिकलं, कारण उन्हाळ्याच्या तोंडाशी पानं गाळून ते पाण्याचा खर्च थांबवतं. पाला शेळ्या खात नाहीत. पुढच्या फुटीचा डोळा पानाच्या देठाच्या बुडाखाली झाकलेला असतो. पान गळल्याशिवाय तो फुटत नाही.

*

फुलाचं काम मात्र फार नाजूक. एकाच फुलात आधी स्त्रीकेसर तयार होतो, पराग नंतर मोकळा होतो. बारीक भुंगेरे या फुलातला पराग त्या फुलात नेतात. एप्रिल-मेच्या झळांत स्त्रीकेसर सुकतो, फूलगळ होते. दमट हवा आली की फळ धरतं. पाऊस लांबला तर बहार पुढे सरकतो आणि उशिराच्या फळांना थंडी गाठते. ती पिकत नाहीत, झाडावरच कडक, काळी होतात. उन्हाळा वाढला आणि पाऊस लांबला की पहिला फटका बसतो तो या फुलाला.

*

हवामान बदललं तर झाडं कशी टिकतील, याचा एक धडा दुसऱ्याच झाडाकडून मिळतो. कॅनडातल्या ब्रिटिश कोलंबियात 1974 साली लॉजपोल पाइन या सूचिपर्णी झाडाचं 140 ठिकाणचं बी साठेक जागी लावलं गेलं. जात एकच, पण ठिकाणागणिक बियाण्याला वेगवेगळं तापमान मानवलं. झाडाला जागा सोडता येत नाही. बदल होतो तो पुढच्या पिढ्यांत, तोही बियाण्यात विविधता असेल तरच.

*

सीताफळाच्या बागांत मात्र ही विविधता नसते. तिथे बाळानगर, एनएमके-1 गोल्डन अशा वाणांची कलमं. एका वाणाची सगळी कलमं जनुकांनी सारखी, म्हणजे एका झाडाला जे सोसत नाही ते साऱ्या बागेला सोसत नाही. मोठं फळ आणि कमी बिया शेतकऱ्याला हव्यात, यात त्याचं काही चुकत नाही. पण डोंगरातलं प्रत्येक झाड बियांतून उगवलेलं: एक लवकर फुलतं, एक उशिरा, कुणाचा गर रवाळ, कुणाचा गुळगुळीत. बाळानगरही मुळात अशा झाडांतूनच निवडलेलं. म्हणून वणव्यात किंवा मुरूम उपसताना डोंगरातलं झाड गेलं, तर ते नुसतं सरपण गेलं असं मी मानत नाही.

*

मे महिन्याच्या झळांतही ज्या झाडावर फळ धरतं, ते खूण करून ठेवायला हवं. त्याचं बी जपायला हवं. अशी झाडं कुठे आहेत हे डोंगरातून फळं काढणाऱ्यांइतकं कुणाला ठाऊक असणार? कृषी विद्यापीठाने आणि वनखात्याने आधी त्यांनाच विचारावं.