सहा घोड्यांची बग्गी

२६ जानेवारी १९५० चा तो दिवस. दिल्लीत कडाक्याची थंडी होती, तरी दुपारी रस्त्यांवर मुंगीला शिरायला वाव नव्हता. झाडांवर, गच्चीवर, जिथे पाय ठरेल तिथे माणसे चढून बसली होती. सकाळी डॉ. राजेंद्रप्रसाद यांनी भारताचे पहिले राष्ट्रपती म्हणून शपथ घेतली होती. अडीच वाजता ते बग्गीतून अर्विन स्टेडियमकडे निघणार होते. पुढे राजपथावर, म्हणजे आजच्या कर्तव्यपथावर, दरवर्षी होऊ लागलेले सैन्याचे संचलन त्या पहिल्या वर्षी या स्टेडियमात झाले.

त्या गर्दीत एक नऊ वर्षांचा मराठी मुलगा वडिलांचे बोट धरून उभा होता. वडील सरकारी कचेरीत कारकून. नोकरीपायी ते साताऱ्याहून इतक्या दूर आले होते. ‘राष्ट्रपती’ हा शब्द मुलाने नुकताच ऐकला होता. त्याला ठाऊक होते ते छत्रपती! तेव्हा राष्ट्रपतीही तसेच असणार : मस्तकी जिरेटोप, कमरेला तलवार, गळ्यात मोत्यांचा कंठा. मुलांच्या मनातील राजे असे शब्दांतूनच जन्माला येतात.

परंतु त्याला दिसत होत्या केवळ पाठी. वडिलांनी त्याला उचलून पाहिले. त्यांची किरकोळ शरीरयष्टी लवकरच थकली. इतक्यात शेजारच्या एका धिप्पाड पंजाबी गृहस्थाने काही न विचारता मुलाला खांद्यावर घेतले. फाळणीत घरदार गमावून तो लाहोरहून आला होता. वडिलांशी बोलताना त्याने एवढेच सांगितले होते आणि तोही विषय त्याने लगेच बदलला होता.

“आले! आले!” एकच गलका झाला. प्रथम घोडेस्वार अंगरक्षक दिसले. मागून सहा ऑस्ट्रेलियन घोड्यांची बग्गी संथ दुडक्या चालीने आली. बग्गी इंग्रजी अमदानीतली, पस्तीस वर्षांची जुनी. पण तिच्यावर आता अशोकस्तंभाचे सिंह विराजमान झाले होते. मुलाचे डोळे जिरेटोप शोधू लागले. जिरेटोप कुठेच नव्हता. पांढरी टोपी घातलेले, भरघोस मिशांचे एक वयस्क गृहस्थ आत बसले होते. त्यांचे दोन्ही हात जोडलेले होते. हुबेहूब गावाकडचे आजोबा!

पुढच्या लोकांनी जयजयकार करीत हात उंचावले, तसे त्या पंजाबी गृहस्थाला काहीच दिसेना. त्याने वर मान करून विचारले, “बेटा, क्या कर रहे हैं?”

मुलाने आपल्या मोडक्या हिंदीत सांगितले, “नमस्ते कर रहे हैं.”

“किसको?”

मुलाने क्षणभर निरखून पाहिले. बग्गीतील हात याच बाजूला वळले होते.

“आपको.”

तो गृहस्थ काही बोलला नाही. त्याने मुलाचे पाय सोडले आणि समोरच्या पाठींच्या भिंतीकडे पाहत आपले दोन्ही हात जोडले. मुलाने घाबरून त्याचे डोके घट्ट कवटाळले. घोड्यांच्या टापांचा आवाज तोवर बराच दूर गेला होता. तरी ते हात काही लवकर खाली आले नाहीत.