भोंगा घ्यावा की बॉक्स?



कृषी विस्तार अधिकाऱ्याने बियाणे, खते आणि फवारणीवर लिहावे अशी आपली अपेक्षा असते, आणि ती रास्तच आहे. पण गावोगाव फिरणाऱ्या माणसाला लोक काय काय विचारतात हे आपण जाणताच. सोयरिकीपासून बोअरच्या खोलीपर्यंत सारे प्रश्न आमच्या वाट्याला येतात. मागच्या हिवाळ्यात गंगाखेड तालुक्यातल्या गोदाकाठच्या एका गावी हरभऱ्यात कामगंध सापळे लावायला गेलो होतो. काम आटोपून पारावर टेकलो, तर भजनी मंडळाचे पखवाजवाले बुवा म्हणाले, "साहेब, तुम्ही आम्हाला मोटार निवडून देता, पाईप निवडून देता. मग आता सप्त्याचा साऊंड बी निवडून द्या की."

गावाने वर्गणी जमवली होती ५८ हजार. कापसाला भाव नसलेल्या वर्षीची ही रक्कम. कुणी शंभर दिले, कुणी दोन पायल्या ज्वारी दिली. असा पैसा चुकीच्या वस्तूवर गेला तर पुढची पाच वर्षे गावात कुणी कुणाला वर्गणी मागू शकत नाही. पोरांचे म्हणणे होते की डीजेसारखे १८ इंची दोन बॉक्स आणावेत, छाती हादरली पाहिजे. बुवांचे म्हणणे, भोंगे आहेत तेच चांगले, शेजारच्या वाडीपर्यंत कीर्तन ऐकू जाते. तिसरे मत भीमनगरातल्या एका तरुणाचे. तो गायन पार्टीत बेस गिटार वाजवतो. १४ एप्रिलच्या जयंतीसाठी त्यांचीही वेगळी वर्गणी निघते आणि दरवर्षी ती भाड्याच्या सेटवर खर्च होते. तो म्हणाला, "काका, बुवांची धूम आणि माझी गिटार, दोघांचं दुखणं एकच आहे. भोंग्यातून खर्ज येतच नाही."

त्या पोराचे बोलणे मला एकदम पटले, कारण लहानपणापासून मी भजनात पखवाजाशेजारी बसत आलो आहे. पखवाजाच्या डाव्या अंगाला, म्हणजे धूमेला, ओली कणीक लावतात ती कशासाठी? कातडे जड व्हावे, सावकाश हलावे आणि आवाज खाली उतरावा यासाठी. इतकी मेहनत करून काढलेला तो खर्ज भोंग्यात शिरतो आणि तिथेच मरतो. भोंग्याची बनावटच अशी आहे की साधारण अडीचशे-तीनशे हर्ट्झच्या खालचा आवाज तो बाहेर टाकत नाही. माणसाचे बोलणे त्यातून लांबवर जाते, धूम मात्र टिपरी वाजल्यासारखी येते. बेस गिटारची सर्वांत जाड तार तर सेकंदाला ४१ वेळा कंप पावते. अमेरिकेत लिओ फेंडर यांनी १९५१ साली उभ्या, अवजड बेसच्या जागी खांद्याला अडकवायची विजेची बेस गिटार बाजारात आणली आणि वर्षभरात तिच्यासाठी वेगळा ॲम्प्लिफायरही काढावा लागला. साध्या गिटारच्या स्पीकरला तो खर्ज पेलण्यासारखा नव्हता. आपल्याकडे धूमेसाठी असा विचार फारसा कुणी केला नाही, एवढाच फरक.

खर्ज काढायचा तर पुष्कळ हवा हलवावी लागते. म्हणून स्पीकरचा कागद मोठा हवा, १२ किंवा १५ इंची, आणि तो बसवायला जाड प्लायची घट्ट पेटी हवी. पेटी म्हणजे बाजाची पेटी नव्हे, बॉक्स. उघड्या स्पीकरच्या पुढून निघालेली हवा मागे वळून स्वतःलाच खोडून काढते. पेटी ते थांबवते. दुकानात पेटीवर बोटाच्या पेराने ठोकून पाहा. टरबूज पारखतो तसे. पोकळ खणखणली तर पातळ लाकूड आहे, ती पेटी खर्जापेक्षा स्वतःच जास्त वाजेल.

आता वॅटचे पाहू. सगळी फसगत इथे होते. मोटारीच्या पाटीवर जसा एचपी असतो, तसा इथे वॅट लिहिलेला असतो, आणि पीएमपीओ या नावाने छापलेला हजारांचा आकडा म्हणजे निव्वळ फुगवलेला पापड. आरएमएस वॅट किती, एवढेच विचारा. त्यातही २५० चे ५०० वॅट केल्याने आवाज दुप्पट होत नाही. फक्त ३ डेसिबल वाढतो, कानाला जेमतेम जाणवेल इतका. दुप्पट वाटायला जवळजवळ दहापट वॅट लागतात. त्यापेक्षा स्पीकरच्या कागदपत्रात 'एका वॅटला एका मीटरवर किती डेसिबल' हा आकडा शोधावा. ९१ चा स्पीकर २०० वॅटवर जेवढा वाजतो, तेवढा ९७ चा स्पीकर ५० वॅटवर वाजतो. गळक्या पाईपला मोठी मोटार बसवण्याऐवजी पाईप चांगला घ्यावा, हे आपल्याला कुणी शिकवायला नको.

ओहमची गोष्टही विहिरीवरचीच आहे. मोटारीचे तोंड अगदी मोकळे सोडले की ती जास्त अँपिअर खाते आणि गरम होते. तसेच ८ ओहमचे दोन बॉक्स शेजारी शेजारी जोडले की भार ४ ओहमचा होतो, चार जोडले की २ ओहमचा. ॲम्प्लिफायरच्या पाठीवर किमान ४ लिहिले असेल आणि काल्याच्या दिवशी उत्साहाने कुणी आणखी दोन बॉक्स आणून जोडले, तर कीर्तन रंगात आले असताना धूर निघतो.

तारेविषयी तर कुणी बोलतच नाही. पाव इंच जाडीच्या रंगीत वेष्टणाला भुलू नका, आत तांबे किती आहे ते पाहा. अर्ध्या चौरस मिलिमीटरची तार ५० मीटर लांब नेली तर जाऊन-येऊन १०० मीटरचा विरोध साडेतीन ओहमच्या आसपास होतो. पुढे ४ ओहमचे बॉक्स असतील तर जवळजवळ निम्मी शक्ती तार तापवण्यात जाते. अडीच चौरस मिलिमीटरची तार घेतली तर हा विरोध पाऊण ओहमच्याही खाली येतो. लांबच्या भोंग्यांसाठी १०० व्होल्टची लाईन वापरतात, तिचे तत्त्व आपल्या ११ केव्हीच्या लाईनसारखे. दाब जास्त, प्रवाह कमी, आणि शेवटी भोंग्यापाशी छोटा ट्रान्सफॉर्मर, जणू डीपीच.

मी त्यांना एकच आग्रह केला. परभणीला दुकानात जाताना पखवाज आणि बेस गिटार दोन्ही सोबत न्या. बुवांना हे हास्यास्पद वाटले, पण नेले. दुकानदाराने आपले नेहमीचे सिनेमातले गाणे लावले. दोन्ही बॉक्स छान वाजले, वाजणारच. मग बुवांनी दुकानातच कणीक भिजवली. महागड्या १८ इंची बॉक्समधून धूम नुसती 'धप्प' करून पडली, तिचा घुमारा कुठे गेला कळेना. त्याहून स्वस्त १५ इंची पेटीत तो उमटला. गिटारचे वेगळेच. ती सरळ मिक्सरला लावली की आवाज पातळ, मरगळलेला येतो. मध्ये डीआय बॉक्स नावाची छोटी डबी लागते. ती घेतली. शेवटी १५ इंची दोन पेट्या, एक ॲम्प्लिफायर (१२ व्होल्टच्या बॅटरीवरही चालणारा, कारण सिंगल फेज कधी जाईल याचा नेम नाही), चांगली तार आणि ३० मिलिअँपिअरचा आरसीसीबी, असे ठरले. जुने भोंगे ठेवले, पण फक्त बोलण्यापुरते.

आरसीसीबीचे बिल पाहून एकाने नाक मुरडले. भिजलेल्या मांडवात, अनवाणी, लोखंडी माईक हातात धरून माणूस उभा असतो, आणि तीन पिनांच्या प्लगची अर्थिंगची पिन सोयीसाठी मोडलेली असते. मोटारीच्या स्टार्टरला हात लावून गेलेली माणसे आपण सर्वांनी पाहिली आहेत. या खर्चात काटकसर मला मुळीच मान्य नाही.

भोंग्याचा आवाज तोंडासमोर जातो, त्याला वळवता येते. खर्ज मात्र भिंतीतून चारी दिशांना जातो आणि पेटी कोपऱ्यात ठेवली तर आणखी फुगतो. म्हणून बाळंतिणीचे, आजाऱ्याचे घर आणि गोठा कुठे आहे ते पाहून पेट्या मांडाव्यात. कानाचे गणितही ध्यानात असू द्या. ८५ डेसिबल आठ तास सोसतो, पुढे दर ३ डेसिबलला वेळ निम्मा होतो. १०० डेसिबलला जेमतेम पाव तास. बॉक्ससमोर नाचणारी पोरे तिथे तीन-तीन तास असतात.

कायदाही सांगून टाकतो. २००० सालच्या ध्वनिप्रदूषण नियमांनुसार लाऊडस्पीकरला लेखी परवानगी लागते आणि रात्री १० ते सकाळी ६ तो उघड्यावर वाजवता येत नाही. राज्य सरकार वर्षातले जास्तीत जास्त १५ दिवस १२ वाजेपर्यंत सवलत देऊ शकते. म्हणजे पहाटे चारचा काकडा आणि रात्रीचा जागर बिनमाईकचा. बुवा थोडे हिरमुसले. खरे सांगायचे तर काकडा मला तसाच आवडतो.

राहिला दोन वर्गण्यांचा प्रश्न. सेट दोघांचा मिळून घ्यायचे ठरले, पण सप्ताह आणि जयंती जवळ आली तर काय? २०२५ सालचेच पाहा, हनुमान जयंती १२ एप्रिलला आणि १४ ला भीमजयंती. काल्याच्या दुसऱ्या दिवशी पेट्या हलल्याच पाहिजेत, असे मी कागदावर लिहायला लावले. दुरुस्तीचा खर्च निम्मा-निम्मा, किल्ली ग्रामपंचायतीत, आणि लग्नाला भाड्याने दिला तर भाडे दोन्ही वह्यांत सारखे. सह्या झाल्या. एका कलमावर अजून दोन्हीकडचे अडून बसले आहेत, ते म्हणजे तारखा एकाच दिवशी आल्या तर संध्याकाळ कुणाची. पुढच्या महिन्यात सापळ्यांच्या निमित्ताने जाईन तेव्हा ते निघेलच.

तोवर पेट्या पंचायतीच्या खोलीत आहेत. जमिनीवर नव्हे, फळीवर ठेवायला सांगितले, आणि मागच्या छिद्राला बारीक जाळी ठोकून घेतली. स्पीकरचा कागद उंदराला कापसाच्या सरकीइतकाच आवडतो.