शाईचे हात

भक्ती म्हटली की इतरांना जोडलेले हात आठवतात; मला शाईने माखलेले आठवतात. पंडिता रमाबाईंनी हिब्रू अन् ग्रीक शिकून सबंध बायबल मराठीत आणले, आणि केडगावच्या मुक्ती मिशनमधल्या विधवांनी, दुष्काळातून वाचलेल्या मुलींनी खिळे जुळवून ते छापले. बाई ५ एप्रिल १९२२ रोजी गेल्या. सबंध ग्रंथ निघाला १९२४ साली. मग त्यांचे कष्ट वाया गेले का? छे! ज्याला नासरेथकर सुतार म्हणून ओळखत, त्याचे शिष्यत्व कष्टांवाचून कसे असेल? प्रेषित पौलही तंबू करूनच पोट भरी. एकेक खिळा निरखून जागी बसवणारी ती मुलगी प्रार्थनाच करीत होती, असे मला वाटते. पणत्या सारेच पाहतात. वाती वळणारे हात कोण पाहतो?